लोखंडाचा कण, दुधातलं एन्झाइम आणि औषधाला न बधणारे जंतू

कल्चर रिपोर्ट हातात आला की आपण आधी जंतूचं नाव वाचायला जातो. ते जिभेवर बसत नाही, मग नजर खालच्या यादीकडे वळते. एकेका ओळीत एकेक अँटिबायोटिक आणि समोर एक अक्षर, 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे जंतू या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे जुमानत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या कागलच्या मामांच्या पायाच्या जखमेचा असा रिपोर्ट कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लॅबमधून आणला, तर त्यात आरची नुसती रांग लागलेली. शुगर जुनी, त्यात दिवसभर उसाच्या सरीत चिखलात पाय. रिपोर्ट ऐकून मामा म्हणाले, "एवढ्या गोळ्या गिळल्या, आन जंतू अजून जित्ताच व्हय रं?"

त्यांना नीट उत्तर द्यायचं तर आधी हे आर येतं कुठून ते सांगायला हवं. पुवातला जंतू लॅबमध्ये आधी वेगळा वाढवतात. मग चपट्या बशीत अगरचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा, थर घालून त्यावर तो सारखा पसरतात आणि वर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवतात, प्रत्येकी 6 मिलिमीटरची. बशी रात्रभर अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत राहते. सकाळी बशीभर जंतूंचा दुधाळ थर धरलेला असतो. जे औषध लागू पडलं त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल खळं दिसतं. खळ्याचा व्यास पट्टीने मोजायचा आणि तक्त्याशी ताडून बघायचा. पुरेसा मोठा असला तर एस. जंतू चकतीच्या कडेला येऊन टेकले असतील तर आर. इतकी साधी गोष्ट आहे, पण पुढचा सगळा इलाज या खळ्यावर ठरतो.

औषध चुकवायच्या जंतूंच्या युक्त्या मोजक्याच आहेत, पण पक्क्या आहेत. एक, औषधाचा रेणूच तोडून टाकायचा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं अशीच फुकट जातात. दोन, आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं. तीन, औषध ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं त्या प्रथिनाची ठेवणच बदलायची. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या औषधाला न बधणारा स्टॅफिलोकोकस, हे नाव ऐकलं असेल, तो जंतू हेच करतो. चार, आत यायची दारंच बुजवायची. भर म्हणजे या युक्त्यांची जनुकं प्लाझमिड नावाच्या छोट्या डीएनए-कड्यांवरून एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि त्यासाठी दोघं एकाच जातीचे असावे लागतात असंही नाही. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट अशा औषध-प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता.

पण हा सगळा बंदोबस्त ठरावीक रेणूंविरुद्धचा, फार तर रेणूंच्या एखाद्या कुळाविरुद्धचा आहे. औषधाच्या रेणूऐवजी लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांनी जंतू मारता येतील का, ही पुढची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

अँटिबायोटिकचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून आपलं शरीर जंतू मारत आलंय, आणि त्याची रीत वेगळी आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि आतल्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. तेवढ्यावर थांबत नाहीत. मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम त्या पेरॉक्साइडची क्लोराइडशी गाठ घालून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये जंतू मारण्याचं काम हाच पदार्थ करतो. या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचे अणू असतात आणि त्याचा रंग हिरवा असतो. पुवाला जी हिरवट झाक येते, त्यात याचा हात मोठा. म्हणजे ज्या घाणीकडे बघून आपण नाक मुरडतो, तिच्यात आपल्याच पेशींनी दिलेल्या लढाईचा रंग उतरलेला असतो.

मग पेरॉक्साइडची बाटलीच जखमेवर ओतली तर? ओतत होतेच की. लहानपणी गुडघा फुटला की दवाखान्यात ते तपकिरी बाटलीतलं औषध घालायचे, पांढरा फेस फसफसून वर यायचा आणि "बघ, जंतू मरायलेत" असं सांगितलं जायचं. खरं तर तो फेस जंतू मेल्याचा नसतो. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. त्या ऑक्सिजनचे ते बुडबुडे. म्हणजे औषध आपल्या डोळ्यांदेखत वाया चाललेलं असतं. त्यातून जोरकस पेरॉक्साइडने नव्याने भरून येणाऱ्या पेशीही भाजतात, म्हणून आता डॉक्टर ते ऊठसूट वापरत नाहीत. आणि स्टॅफिलोकोकससारखे जंतू स्वतःही कॅटालेज बाळगून असतात. लॅबवाले त्यावरूनच त्याला ओळखतात. काचपट्टीवर जंतूचा ठिपका ठेवायचा, वर पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. बुडबुडे आले तर स्टॅफिलोकोकस, नाही आले तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस.

तर अडचण ही की पेरॉक्साइड एकट्याने मवाळ आहे, आणि ते फोडून निकामी करणारे आजूबाजूला भरपूर. थोडंच पेरॉक्साइड वापरायचं, पण ते जंतूच्या अंगाला लागूनच एखाद्या जहाल पदार्थात बदलायचं, असं कुणी करून दिलं तर काम होईल. शरीरात हे काम पेरॉक्सिडेज जातीची एन्झाइमं करतात.

असंच एक एन्झाइम कोल्हापूरकर रोज संध्याकाळी पितात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढली जाते आणि फेसाळ पेला हातात येतो. त्या धारोष्ण दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज असतं. दुधातलंच थायोसायनेट आणि किंचित पेरॉक्साइड मिळालं की ते जंतूंची वाढ रोखणारे पदार्थ तयार करतं. जिथे दूध थंड ठेवायची सोय नाही तिथे याच क्रियेच्या आधाराने कच्चं दूध काही तास टिकवायची पद्धत आंतरराष्ट्रीय अन्न-नियमावलीतही आहे. पण हेच दूध घरी आणून उकळलं की एन्झाइम गेलं. 80 अंशांच्या वर ते काही सेकंदांत निकामी होतं. (म्हणून दूध कच्चंच प्यावं असं कुणी समजू नये. कच्च्या दुधातून येणारे आजार खरे आहेत, आणि उकळून प्या म्हणणाऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे.)

एन्झाइमचं दुखणं ते हेच. प्रथिनाची लांबलचक साखळी एका विशिष्ट तऱ्हेने घडी घातलेली असते. ती घडी उष्णतेने, आम्लाने किंवा दुसऱ्या एखाद्या एन्झाइमने मोडली की संपलं. शुद्ध स्वरूपात ते महाग पडतं आणि टिकवायला जिकिरीचं. मलमात घालून तालुक्याच्या औषध दुकानात उन्हाळाभर फळीवर ठेवायची ही वस्तू नाही.

2007 मध्ये बीजिंगच्या यान शियुन यांच्या गटाने 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या शोधपत्रिकेत एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. लोखंडाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म कण तोवर जीवशास्त्रात नुसती वाहतूक करण्यासाठी वापरत. त्यांना प्रथिनं चिकटवायची आणि चुंबकाने ओढून घ्यायची. कण स्वतः काही करत नाहीत, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पेरॉक्सिडेज आहे का हे तपासायला टीएमबी नावाचा एक रंगद्रव्याचा रेणू वापरतात. एन्झाइम आणि पेरॉक्साइड दोन्ही हजर असतील तर तो निळा होतो. या गटाने दाखवलं की एन्झाइमचा मागमूस नसताना नुसत्या लोहकणांनीही टीएमबी निळा होतो. वर हे कण तापवले, आम्लात ठेवले, तरी त्यांचं काम चालूच. अशा कणांना नॅनोझाइम म्हणतात. गेल्या दोन दशकांत या नावाखाली सोनं, प्लॅटिनम, सेरियम, मँगनीज, व्हॅनेडियम असं कितीतरी येऊन बसलंय.

एन्झाइम काय किंवा हा कण काय, दोघांचं काम उत्प्रेरकाचं. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला अडत्या उभा असतो तसं. विकणारा आणि घेणारा यांची गाठ तो घालून देतो, सौदा झाला की पुढच्या ढिगाकडे वळतो. स्वतःचा माल त्यात जात नाही. फरक एवढाच की हा अडत घेत नाही.

पण मग लोखंडी कढई का नाही जंतू मारत? मुख्य कारण आकार. क्रिया घडते ती फक्त पृष्ठभागावरच्या अणूंपाशी, आत दडलेले अणू बसून राहतात. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग भरतो 6 चौरस सेंटिमीटर. तोच घन 10 नॅनोमीटर (1 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बाजूच्या घनांत चिरत गेलात तर एकूण पृष्ठभाग होतो 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. बोटाच्या पेराएवढ्या धातूतून सहा गुंठे रान निघतं, असं सांगितल्यावर मामांना लगेच कळलं. मला मात्र कागदावर दोनदा गुणाकार करून बघावासा वाटला. साधा जंतू सुमारे 1000 नॅनोमीटर लांबीचा असतो. म्हणजे असे कितीतरी कण त्याच्या अंगाला चिकटून बसू शकतात.

त्या पृष्ठभागावर चालतं ते रसायन मात्र जुनंच आहे. लोहाची आणि पेरॉक्साइडची जोडी जमली की जोरदार ऑक्सिडीकरण होतं, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी 1894 मध्येच नोंदवलं होतं. लोहाचा अणू पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतो, पेरॉक्साइड मधोमध तुटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अर्धवट, भुकेला रेणू मोकळा होतो. त्याला एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो समोर येईल त्याच्याकडून ओरबाडून घेतो. जंतूच्या पटलातली चरबी, प्रथिनं, डीएनए, काही सोडत नाही.

या हावरेपणात फायदाही आहे आणि अडचणही. हायड्रॉक्सिल रॅडिकल पेशीत जेमतेम एक अब्जांश सेकंद टिकतो आणि काही नॅनोमीटरच्या पलीकडे पोचत नाही. कण जंतूला चिकटला असेल तर मारा जंतूवर. कण थोडा बाजूला राहिला तर सगळं फुकट. म्हणून संशोधक कणांवर धन प्रभाराचं आवरण चढवतात, कारण जंतूंचा बाहेरचा पृष्ठभाग ऋण प्रभाराचा असतो. ओढ आपोआप तयार होते. पण आपल्या पेशींच्या पटलावरही थोडा ऋण प्रभार असतोच. हा कण जंतू आणि माणूस यांत भेद करतो, असं बातमीत वाचलंत तर तो भेद कशाच्या बळावर, एवढं जरूर विचारा. कण काही माणूस ओळखत नसतो. भेद होतो तो चिकटण्यात, जागेत आणि आम्लतेत.

आता मुळातला प्रश्न. औषधाला न बधणारा जंतू याला का बधतो? कारण त्याने जमवलेल्या युक्त्यांपैकी इथे फारसं काही उपयोगी पडत नाही. तोडायला औषधाचा रेणू नाही. पंपाने फेकायला आत काही आलेलंच नाही, मारा बाहेरून चाललाय. बदलायला एखादं एकच प्रथिन नाही, एकाच वेळी सगळीकडे भोकं पडतायत. म्हणून एमआरएसएसारखे जंतूही प्रयोगशाळेत या कणांपुढे हात टेकतात.

आणि बायोफिल्म. माझ्या मते या कणांची खरी जागा इथे आहे. जंतू मोकळे फिरतात ते थोडाच वेळ. बूड टेकलं की ते स्वतःभोवती शर्करेच्या साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भावंडांचा डीएनए यांचा चिकट थर रचतात. दातावरचं किटण, लघवीच्या नळीतला बुळबुळीत थर, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेचा तळ, सगळीकडे हेच. थराच्या आतले जंतू अर्धवट झोपेत असतात, आणि वाढणाऱ्या जंतूवर चालणारी बहुतेक अँटिबायोटिकं झोपलेल्यावर चालत नाहीत. त्यामुळे बशीत एस दाखवणारं औषध जखमेत पडतं तेव्हा हरतं, कारण बशीत वाढतात ते मोकळे जंतू. गोठ्यातही हाच प्रकार. म्हशीला दगडी, म्हणजे कासदाह, झाली की सडात ट्यूब सोडतात, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा गाठ. कासेत स्टॅफिलोकोकस अशाच थरात दबा धरून बसतो. रॅडिकलला जंतू जागा की झोपलेला याच्याशी देणंघेणं नाही, आणि तो थराचा चिकटाही तोडतो.

आता खोच. लोहकणांचं पेरॉक्सिडेजसारखं काम आम्ल जागेत रंगतं, पीएच 3 ते 5 च्या आसपास. (पीएच म्हणजे आम्लतेचं माप: 7 म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली जितकं जाल तितकं आम्ल जास्त.) पीएच 7 कडे गेलं की तेच कण कॅटालेजसारखं वागू लागतात, म्हणजे पेरॉक्साइड फोडून नुसता ऑक्सिजन. आणि जुनाट जखमांचा पीएच बहुधा 7 च्या वरच असतो. म्हणजे जिथे गरज, तिथेच कण बाजू बदलतो.

यावर काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. मधुमेह्याच्या जखमेत साखर जास्त असते आणि जंतूंना ती मेजवानीच. तीच साखर इंधन म्हणून वापरायची. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करतं आणि सोबत पेरॉक्साइड तयार होतं. मध पातळ केल्यावर तो जंतूंना रोखतो, त्यातही याच एन्झाइमचा वाटा आहे. सोन्याचे सूक्ष्म कणही हे काम करतात, हे 2004 मध्ये इटलीत दाखवलं गेलं. आता अशा कणाशेजारी लोहकण बसवला की एकाने आम्ल आणि पेरॉक्साइड पुरवायचं, दुसऱ्याने त्याचे रॅडिकल करायचे. बाहेरून बाटली ओतायला नको, जागा आपोआप आम्ल होते, आणि साखर जितकी जास्त तितका मारा जोरात. यावर मामांचं म्हणणं, "मग माझ्या पायात तर कारखानाच चालंल की!"

माणसांपर्यंत पोचलेलं काम सर्वांत ठळक दिसतं ते दातांत. फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचं इंजेक्शन अमेरिकेत 2009 पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पंडुरोगावर परवाना मिळालेलं औषध आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ह्यून कू आणि डेव्हिड कॉर्मोड यांच्या गटांनी तेच कण किटणावर वापरून बघितले. स्वयंसेवकांच्या तोंडात दाताच्या इनॅमलचे तुकडे बसवलेली पट्टी घालून त्यावर कण आणि पाठोपाठ सौम्य पेरॉक्साइड असा प्रयोग झाला, आणि दात किडवणारे जंतू घटलेले दिसले. दात ही जागा कणांना सोयीचीच. साखर खाल्ली की किटणाखालचा पीएच 5.5 च्या खाली जातो, म्हणजे आम्ल आयतंच मिळतं. आणि चूळ भरली की कण बाहेर.

ही 'बाहेर' जाण्याची सोय महत्त्वाची, म्हणून मी या तंत्राकडे गोळी किंवा सलाइन म्हणून बघत नाही. रक्तात सोडलेले धातूचे कण बहुतांशी यकृत आणि प्लीहेत जाऊन अडकतात. लोह शरीर निदान वापरून टाकतं, सोनं किंवा प्लॅटिनम तसं पचत नाही. ड्रेसिंग, नळीवरचा लेप, दाताचा उपचार, हाडात बसवायच्या सळीचा पृष्ठभाग, या जागा मला पटतात. जखमेच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. आधी जंतू मारायला रॅडिकल हवेत, पण जंतू हटल्यावर जखम भरायची तर तेच रॅडिकल आवरायला हवेत. सेरियम ऑक्साइडचे कण असं आवरायचं काम करतात, आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदसामी मुगेश यांच्या गटाने 2014 मध्ये व्हॅनेडियमच्या सूक्ष्म तारांनी पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवून दाखवलं. एकाच पट्टीने आधी मारायचं आणि नंतर शांत करायचं, तेही योग्य वेळी, हे अजून अवघड गणित आहे. जंतूंवरचं बहुतेक काम आजही बशीत आणि उंदरांवर चाललंय.

हुपरीच्या चांदीचा विषय इथे निघतोच. चांदी जंतू मारते हे खरं, भाजलेल्या जखमेवरचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम घरोघरी माहीत आहे. पण चांदीचा मारा मुख्यतः तिच्यातून सुटणाऱ्या आयनांचा असतो. ती झिजत जाते, लोहकणासारखी पुन्हापुन्हा तीच क्रिया घडवत बसत नाही. आणि 'नॅनो सिल्व्हर' म्हणून प्यायच्या बाटल्या विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. चांदी अंगात साठून कातडी कायमची निळसर-राखी होते, त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि ती परत उजळत नाही.

शेवटचा मुद्दा उत्साही बातम्यांत हमखास गळतो. या कणांना जंतू कधीच प्रतिरोध शिकणार नाहीत, असं लिहिलेलं दिसतं. शिकणं अवघड आहे हे मान्य, पण जंतूंजवळ पेरॉक्साइडचा वास लागताच कॅटालेज वाढवणारी यंत्रणा आधीपासून आहे. चांदीला दाद न देणारे जंतू 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या एका जळीत विभागात सापडले होते. त्याहून लबाड प्रकार युरोपातल्या वराहपालनात घडला. पिलांची हगवण थांबावी म्हणून खाद्यात झिंक ऑक्साइड भरपूर घालत. तिथल्या एमआरएसएच्या एका वाणात जस्त सोसण्याचं जनुक मेथिसिलिन सोसण्याच्या जनुकाला लागूनच बसलेलं निघालं. जस्त खाऊ घातलं की अँटिबायोटिकला न बधणारा जंतूही पोसला जायचा. युरोपीय संघाने जून 2022 पासून औषधी प्रमाणातलं झिंक ऑक्साइड बंद केलं. धातूचे कण असलेली ड्रेसिंगं उद्या दवाखान्यांत आली तर ती धुतलेलं पाणी कुठल्या गटारातून कुठल्या नदीत जातंय, हे मलमाच्या चाचणीबरोबरच तपासायला लागेल.